वाड्याची फट आणि रात्रीची जागल

पहाटे वाड्याचं दार उघडावं आणि आत वीस मेंढ्या मरून पडलेल्या दिसाव्यात. नरड्यावर दातांच्या खुणा. खाल्लेली मात्र एखादीच, तीही अर्धीमुर्धी. बाकीच्या नुसत्याच पडलेल्या. हे ज्याने एकदा पाहिलं, त्याच्यापुढे लांडग्याची किंवा बिबट्याची बाजू मांडायला तोंड उघडत नाही. भुकेपोटी एक नेली असती तर समजून घेतलं असतं, पण वीस कशाला, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो. या विषयाची सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण उत्तरही बरंचसं त्याच प्रश्नात आहे.

शिकार ही शिकारी प्राण्यासाठी एक साखळी असते. हेरणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, मारणं आणि मग खाणं. रानात पहिली झडप पडली की उरलेला कळप चौखूर उधळतो आणि डोळ्यांसमोर फक्त पडलेलं जनावर राहतं. त्यामुळे साखळी आपोआप खाण्यापर्यंत पोचते. बंद वाड्यात उधळायला जागाच नसते. मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, धडपडतात, पुन्हा समोर येतात, आणि समोर आलेली प्रत्येक हालचाल नव्या झडपेला निमित्त होते. हान्स क्रूक या प्राणिवर्तन अभ्यासकाने 1972 मध्ये यावर लिहिलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या, वादळी रात्री जमिनीवर बसलेले कुरव पक्षी उडून जात नसत. अशा रात्री खोकडं त्यांना मोठ्या संख्येने मारत आणि त्यातले थोडेच खात. वाड्यातल्या मेंढ्यांचं तेच होतं. यात प्राण्याचा दुष्टावा शोधण्यात अर्थ नाही. पण यातून एक गोष्ट कळते, आणि कळप राखणाऱ्यासाठी ती फार मोलाची आहे: वीस मेंढ्यांचा जीव एका फटीने घेतला. ती फट रात्री बंद असती तर बहुधा एकही गेली नसती.

मारून टाकलं, किंवा दूर नेऊन सोडलं, तर?

पहिली मागणी हीच असते आणि ती स्वाभाविक आहे. अडचण अशी की बहुतेक मोठे शिकारी प्राणी आपापला इलाखा धरून राहतात. एका इलाख्यातला जाणता नर गेला की ती जागा रिकामी राहत नाही. आजूबाजूचे तरणे, अजून ठाव न सापडलेले प्राणी तिथे शिरतात. ते अननुभवी असतात, माणसांच्या वावराशी जुळवून घेणं शिकलेले नसतात, आणि कधी एकाच्या जागी दोन-तीन येतात. मेलेला प्राणी नेमका कळपावर येणाराच होता, याचीही खात्री नसते.

उत्तर अमेरिकेतल्या कायोटीचं, म्हणजे लांडग्याच्या कुळातल्या पण अंगाने लहान प्राण्याचं, उदाहरण यात बोलकं आहे. कायोटीच्या टोळीत साधारणपणे एकच जोडी पिल्लं घालते. मेंढ्या आणि कोकरं जास्त करून मारते तीही हीच जोडी, कारण बिळात खाणारी तोंडं वाढलेली असतात. ही जोडी मारली की टोळीची घडी विस्कटते आणि दुसऱ्या माद्या वीण काढू लागतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात अभ्यासकांनी उलटा प्रयोग करून पाहिला. काही टोळ्यांतल्या कायोटींची नसबंदी केली आणि त्यांना त्यांच्या इलाख्यात तसंच राहू दिलं. त्यांनी इलाखाही राखला, आणि पिल्लं नसल्याने कोकरंही कमी मारली.

पकडून लांब नेऊन सोडण्याचा उपाय दयाळू वाटतो. त्याचा सगळ्यांत कडू अनुभव भारतातच जुन्नर भागात नोंदला गेला आहे. 2001 नंतर तिथे मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. बिबटे हलवायला लागण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, नंतर ते 17 वर गेले. परक्या मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात घाबरलेलं, दिशा हरवलेलं जनावर माणसाला अधिक धोकादायक ठरतं. ज्या गावच्या गोठ्यात चोरी झाली, तिथला प्रश्न दुसऱ्या गावच्या अंगणात जाऊन पडतो, आणि तोही आणखी बिघडून.

पुराव्यांबाबत इथे प्रामाणिक राहायला हवं. एड्रियन ट्रेव्हस आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये उत्तर अमेरिका व युरोपातल्या अभ्यासांची कसून छाननी केली, तेव्हा शास्त्रीय कसोटीला उतरणाऱ्या चाचण्या फक्त 12 निघाल्या. त्यात 7 मारण्याच्या होत्या आणि 5 न मारता राखण करण्याच्या. कळपाचं रक्षण झाल्याचं सहा चाचण्यांत दिसलं, त्यातल्या चार न मारण्याच्या होत्या. मारण्याच्या दोन चाचण्यांत तर नुकसान वाढलं. बारा चाचण्यांवर जगभराचा निकाल लावता येत नाही, हे मान्य. तरीही 'मारलं की मिटलं' हे जे सर्रास गृहीत धरलं जातं, त्याला तेवढासुद्धा आधार नाही.

जनावरही हिशेब करतं

बिबट्या असो की लांडगा, त्याला दवाखाना नसतो. म्हशीच्या शिंगाने बरगडी मोडली, कुत्र्याने पाय फाडला, की शिकार बंद, आणि शिकार बंद म्हणजे उपासमार. म्हणून हे प्राणी वाटतात तेवढे बेधडक नसतात. पुढे जाऊन काय मिळेल आणि अंगावर काय येईल, हे ते सतत तोलत असतात. न मारता कळप राखायचे जेवढे उपाय आहेत, ते सगळे याच तराजूत वजन टाकतात. कुठे वाट अवघड करायची, कुठे नवख्या गोष्टीची भीती घालायची, कुठे राखणदार जागा आहे हे दाखवून द्यायचं.

सगळ्यांत भरवशाचा उपाय सगळ्यांत साधा आहे: रात्री बंद होणारा पक्का वाडा. लडाखमध्ये हिमबिबट्या दगडी वाड्याच्या भिंतीवरून किंवा उघड्या छतातून आत उतरतो आणि एका रात्रीत डझनावारी शेळ्या-मेंढ्या मारतो. तिथे हिमबिबट्याचे अभ्यासक रॉडनी जॅक्सन यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांच्या जुन्याच वाड्यांची डागडुजी झाली. भिंत उंच केली, वर जाळी ताणली, दाराला नीट बसणारी लाकडी चौकट दिली. भिंत बांधायचे कष्ट आणि दगड गावकऱ्यांचे, जाळी आणि दार बाहेरच्या मदतीतून. अशा वाड्यांमधून होणारी हानी जवळजवळ थांबली.

वाडा तपासायचा असेल तर तो दिवसा माणसाच्या उंचीवरून पाहू नये. गुडघ्यावर बसून, जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवरून फेरी मारावी. दाराखाली हात जातो का? जाळी खांबाला वरून बांधली आहे, पण खाली जमिनीशी सैल लोंबते का? भिंतीला लागून दगडांचा ढीग, चाऱ्याची गंजी किंवा झाडाची फांदी आहे का, जिथून उडी सोपी होईल? लांडगा कुंपणावरून उडी मारण्याआधी खालून घुसायला पाहतो. म्हणूनच युरोपात विजेच्या कुंपणाची सर्वांत खालची तार जमिनीपासून 20 सेंटीमीटरच्या आत ठेवायला सांगतात. ती तार गवतात बुडाली की झटका गवतातच जिरतो, त्यामुळे गवत कापत राहणं हा कुंपणाचाच भाग झाला. सिंहाची तऱ्हा आणखी वेगळी. तो कधी कधी वाड्यात शिरतच नाही. वाऱ्याच्या दिशेने येऊन वास देतो, गुरं बिथरतात, स्वतःच काटेरी कुंपण मोडून बाहेर पळतात आणि अंधारात त्याच्या तावडीत सापडतात. तिथे वाडा आतल्या रेट्यालाही टिकायला हवा.

भीती किती दिवस टिकते?

रिचर्ड तुरेरे हा मसाई या पशुपालक जमातीतला मुलगा केनियातल्या नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला घरची गुरं राखायचा. आधी त्याने वाड्याजवळ बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परतला, दुसऱ्या रात्री त्याने ओळखलं की हे हलत नाही. मग मुलाच्या लक्षात आलं की आपण टॉर्च घेऊन फिरतो तेव्हा सिंह जवळ येत नाही. सिंहाला उजेडाची भीती नव्हती, हलत्या उजेडाची होती. म्हणजे माणूस जागा आहे, याची. जुनी बॅटरी, सौर पॅनेल आणि गाडीच्या इंडिकेटरचा सुटा भाग जोडून त्याने आळीपाळीने लुकलुकणारे दिवे वाड्याभोवती लावले. 2013 मध्ये त्याने ही गोष्ट जगापुढे मांडली.

मला यात दिव्यांपेक्षा बुजगावण्याचा अनुभव महत्त्वाचा वाटतो. भीतीवर चालणाऱ्या प्रत्येक उपायाची मुदत असते. पूर्व युरोपात दोरीला लाल कापडाच्या पट्ट्या टांगून लांडग्यांची वाट अडवायची जुनी रीत होती, पण ती शिकारीसाठी. आज तीच दोरी कळपाभोवती बांधतात. पट्ट्यांमध्ये अंतर साधारण अर्धा मीटर, आणि त्या जमिनीला जवळजवळ टेकतील इतक्या खाली. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे काम करते ती फडफड आणि नवखेपणा. कॅनडातल्या एका अभ्यासात या पट्ट्यांनी लांडग्यांना जास्तीत जास्त 60 दिवस रोखलं. त्यानंतर ते सरावले. मेंढ्या विण्याच्या दोन महिन्यांसाठी 60 दिवस पुरेसे आहेत. वर्षभर दोरी तशीच टांगून ठेवली, तर ती लांडग्याला फक्त सरावाची शिकवण देते.

उपाय कोणासाठी आहे, हेही पाहावं लागतं. चिलीच्या डोंगराळ भागात अल्पाका आणि लामांच्या कळपांवर लुकलुकत्या दिव्यांची चाचणी झाली. दिवे असताना प्यूमा या मार्जारकुळातल्या मोठ्या शिकाऱ्याने एकही जनावर मारलं नाही, पण तिथल्या खोकडांनी दिव्यांना दाद दिली नाही. एकाच माळावर, एकाच रात्री.

आफ्रिकेतल्या बोट्स्वानात ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या काठावर तर गुरांच्या मागच्या अंगावर डोळे रंगवले गेले. सिंह आणि बिबट्या दबा धरून शिकार करतात. आपण दिसलो असं वाटलं की ते बहुतेक वेळा बेत सोडतात. 14 कळपांतल्या 2061 गुरांवर चार वर्षं हा प्रयोग चालला, निष्कर्ष 2020 मध्ये आले. डोळे रंगवलेल्या 683 गुरांपैकी दबा धरणाऱ्या प्राण्याने एकही मारलं नाही. नुसती फुली काढलेल्या 543 पैकी 4 गेली. काहीच न रंगवलेल्या 835 पैकी 15 गेली. रंग दर काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो. आणि एक शंका उरते: कळपातल्या सगळ्याच गुरांना डोळे काढले, तर सिंह किती दिवस फसेल? या प्रयोगात न रंगवलेली गुरं शेजारीच होती.

कुत्रा, पण शिकवलेला नव्हे, वाढवलेला

राखणीचा कुत्रा हा या सगळ्यातला सर्वांत जुना गडी. तुर्कस्तानचा कांगल, इटलीचा मरेम्मा, पिरेनीज पर्वतातला पांढरा धिप्पाड कुत्रा, हिमालयातले खिळ्यांचा पट्टा घातलेले कुत्रे. मेंढ्या हाकणारा कुत्रा वेगळा आणि राखणारा वेगळा. हाकणाऱ्याच्या अंगात पाठलागाची ओढ ठेवून ती वळवलेली असते. राखणाऱ्यात ती ओढच नको.

त्याचं पिल्लू माणसांच्या अंगणात वाढवून मग कळपात सोडून चालत नाही. साधारण दोन महिन्यांचं होण्याआधीच त्याला कोकरांमध्ये ठेवतात. ते त्यांच्याच गवतावर झोपतं, त्यांच्या अंगाची ऊब घेतं, एखाद्या मेंढीची ढुशी खाऊन थोडं दबून राहायला शिकतं. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या त्या नाजूक काळात ज्यांचा वास नाकात बसतो, ती त्याची भावंडं. तो काळ उलटल्यावर कितीही माया केली तरी ते नातं तसं जुळत नाही. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. चांगल्या राखणदारात त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. तो मेंढ्यांना इजा करत नाही, त्यांच्यापासून दूर जात नाही, आणि काही वेगळं दिसलं की मध्ये उभा राहून भुंकतो. झुंज बहुतेक वेळा होतच नाही. लांडगा तोलतो आणि निघून जातो.

नामिबियात लॉरी मार्कर यांच्या चित्ता संवर्धन संस्थेने 1994 पासून तुर्कस्तानी वंशाचे असे कुत्रे शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. चित्ता अंगाने हलका. शर्यतीच्या घोड्यासारख्या या प्राण्याला जखम परवडतच नाही, त्यामुळे तो कुत्र्यापुढे सहसा टिकत नाही. कुत्रे घेतलेल्या बहुतेक शेतकऱ्यांनी नुकसान 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचं सांगितलं. कुत्रा फुकट मात्र पडत नाही. त्याला रोज खायला लागतं, लसी लागतात, जाणता व्हायला दोन वर्षं लागतात, आणि त्या दोन वर्षांत तो खेळताना एखादं कोकरू दमवून मारूही शकतो. काही कुत्रे रानातल्या इतर प्राण्यांच्या मागे लागतात. नुसतं पिल्लू हातात देऊन निघून जाणारी योजना दोन वर्षांत फसते. पोर्तुगालमध्ये 1996 पासून चाललेल्या अशाच कामात मेंढपाळाला पिल्लासोबत डॉक्टरची आणि सल्ल्याची साथ दिली जाते.

ही जागल करायची कोणी?

आतापर्यंतच्या प्रत्येक उपायात एक माणूस आहे. जाळीची फट बुजवणारा, गवत कापणारा, दोरी गुंडाळून दुसऱ्या माळावर नेणारा, रंगाचा डबा घेऊन पुन्हा गुरांमागे जाणारा. हे सगळं दिवसभराच्या कष्टानंतर, रात्रीच्या झोपेतून वजा होतं. वाघ-सिंह जगले याचा आनंद साऱ्या जगाला, आणि जागरण एका मेंढपाळाला. ही वाटणी मला अन्यायाची वाटते. न मारण्याच्या उपायांना पाठिंबा द्यायचा म्हणजे या माणसाच्या रात्रीची किंमत वाटून घ्यायची.

नुकसानभरपाई हा त्याचा ओळखीचा मार्ग. ती हवीच, पण ती पुरत नाही. जनावर शिकारी प्राण्यानेच मारलं हे सिद्ध करावं लागतं. रानात मेलेलं जनावर सापडेपर्यंत गिधाडांनी आणि तरसांनी साफ केलेलं असतं. पैसा उशिरा येतो. शिवाय भरपाई मेलेल्या जनावराची मिळते, जागून वाचवलेल्याची नाही.

म्हणून काही ठिकाणी रचनाच बदलली. हिमाचल प्रदेशात स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावात 2002 मध्ये गावानेच चालवलेला पशुविमा सुरू झाला. पशुपालक हप्ता भरतात, वन्यजीव संवर्धन करणारी संस्था त्यात भर घालते, दावा खरा की खोटा हे गावाची समिती ठरवते. शेजाऱ्याला फसवणं कागदाला फसवण्याएवढं सोपं नसतं. आणि ज्या राखणदाराचं नुकसान सर्वांत कमी, त्याला बक्षीस. स्वीडनने आणखी वेगळी वाट धरली. तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी सामी लोकांच्या रेनडियरच्या कळपांच्या मुलखात लिंक्स (रानमांजराच्या जातीचा प्राणी) किंवा वुल्व्हरीन (मुंगसाच्या बांध्याचा पण मोठा मांसाहारी) या शिकारी प्राण्यांची वीण किती झाली, ते मोजून 1996 पासून त्या समाजाला पैसे मिळतात. किती रेनडियर गेले, हे विचारत नाहीत. पिल्लं जगली तर पैसा ठरलेला, आणि रेनडियर वाचवले तर ते वर नफ्यात.

केनियात अंबोसेलीच्या परिसरात 2007 पासून मसाई तरुणांना पगारावर सिंहांचे राखणदार म्हणून नेमलं जातं. सिंह मारून शौर्य मिरवण्याची जिथे रीत होती, तिथले हे तरुण. सकाळी माग काढतात, सिंह कुठे आहेत हे गुराख्यांना कळवतात, आज त्या बाजूला चरायला नेऊ नका म्हणून सांगतात. मोडके वाडे दुरुस्त करतात, रानात चुकलेली गुरं शोधून आणतात. चुकलेलं जनावर रात्री बाहेर राहिलं की त्याच्यावर धाड पडणार हे नक्की असतं, त्यामुळे त्यांचं हे शेवटचं काम कोणत्याही दिव्याइतकंच उपयोगी आहे.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात वूड रिव्हरच्या खोऱ्यात दर उन्हाळ्यात हजारो मेंढ्या डोंगरात चढतात, तेही लांडग्यांच्या मुलखातून. 2008 पासून तिथे मेंढ्यांचे मालक, सरकारी खाती आणि संवर्धनवाले एकत्र काम करू लागले. लांडग्यांचं बीळ कुठे आहे ते आधी शोधायचं आणि कळपाचा रस्ता त्याप्रमाणे बदलायचा. कुत्र्यांची संख्या वाढवायची, रात्री पट्ट्यांच्या फिरत्या कुंपणात मेंढ्या आणायच्या, दिवे आणि आवाज आलटून पालटून वापरायचे, मेलेलं जनावर माळावर सडू द्यायचं नाही, कारण त्या वासावर आलेला लांडगा मग जिवंत मेंढ्यांची चाहूल घेतो. सात वर्षांच्या नोंदींत या भागातलं मेंढ्यांचं नुकसान, लांडगे मारण्याची मुभा असलेल्या शेजारच्या भागापेक्षा साडेतीन पटींनी कमी होतं. सात वर्षांत या भागात नुकसानीपायी एकही लांडगा मारावा लागला नाही.

त्या खोऱ्यातल्या कामात कुठलंही एक यंत्र निर्णायक ठरलं नाही. मेंढपाळांसोबत डोंगरात राहायला, रात्री तंबूत झोपून लांडग्यांची हाळी कोणत्या अंगाने येते ते ऐकायला, आणि पहाटे कळपाची दिशा बदलायला जास्तीची माणसं दिली गेली होती, आणि त्या माणसांना त्याचा पगार होता.